गंजलेला पिकअप: मीठ की हेअरस्प्रे?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी वाहणारे पिकअप जवळून पाहिलेत? हौद्याच्या कडेला रंग फुगून पापुद्रे सुटतात आणि आतला तांबूस गंज दिसतो. १/२४ मापाच्या मॉडेल किटवर, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोवीसपट लहान प्रतिकृतीवर, तो गंज आणायचे दोन मार्ग मी वापरतो.

दोन्हींत आधी गंजाचा रंग, त्यावर लॅकर वार्निश, म्हणजे तो रंग जपणारा पारदर्शक थर. ते पक्कं वाळू द्या, घाई नडते.

मिठाच्या पद्धतीत पाण्याचा हात फिरवून मीठ भुरभुरायचं, वाळलं की वरचा रंग फवारायचा आणि मग मीठ घासून काढायचं. डाग अगदी खरे दिसतात. पण माप सांभाळा: १ मिलिमीटरचा खडा म्हणजे खऱ्या गाडीवर २४ मिलिमीटरचं भोक! जाडं मीठ खलात कुटूनच घ्या. शिवाय आपल्याकडे आषाढात मिठाला पाणी सुटतं, ते वाळता वाळत नाही. गेल्या पावसात माझं बॉनेट असंच चिकट झालं, सगळा रंग उतरवावा लागला.

दुसऱ्या पद्धतीत मिठाऐवजी वार्निशवर हेअरस्प्रे फवारायचा. त्यावर वरचा रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिकच हवा. तो हाताला कोरडा लागला की ओल्या ब्रशने हलकेच घासा. दाराच्या कडा, हँडलभोवती, चाकाच्या कमानीवर, जिथे हवं तिथेच रंग निघतो. फार दिवस ठेवलात तर मात्र निघणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. केबिन आणि दारं हेअरस्प्रेने. हौद्याच्या तळाला मीठ, तेही दिवाळीनंतर.