सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन: जुलैपासूनचा माझा अनुभव आणि विचारल्याशिवाय कुणी न सांगणाऱ्या गोष्टी

औषध काम करतं. ज्यांना तेवढंच जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी आधीच लिहिते. जुलै २०२५ मध्ये वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलं तेव्हा माझं वजन ९४ किलो होतं, उंची ५ फूट २ इंच. आज, फेब्रुवारी २०२६ मध्ये, ८३ आहे. एचबीए१सी (रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३ वरून ५.६ वर आलं, रक्तदाबाची गोळी अर्धी झाली आणि नाशिकच्या आमच्या ऑफिसचे दोन जिने मी मध्ये न थांबता चढते. पहिल्या बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरवायला मी डाएट, चालणं, पंचकर्म, रात्रीचं जेवण बंद, सगळं करून पाहिलं होतं. त्यामुळे 'ही सगळी फसवणूक आहे' असं सरसकट म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

तरी हे लिहायला बसले ते वेगळ्या कारणासाठी. सुरुवातीला या औषधाची जी माहिती माझ्यापर्यंत पोचली, ती जवळजवळ सगळी ते विकणाऱ्यांच्या पैशातून आली होती. आणि ते कुठेही ठळकपणे लिहिलेलं नव्हतं.

आधी वापराबद्दल. एका पेनात चार डोस, म्हणजे महिन्याचा हिशोब. दर वेळी नवी सुई लावायची, बेंबीपासून दोन बोटं सोडून पोटाची कातडी चिमटीत धरायची, टोचून बटण दाबायचं आणि मनात सहापर्यंत मोजून मगच सुई बाहेर काढायची. घाईने काढली तर थेंब बाहेर राहतो. मधुमेहाच्या इन्सुलिनपेक्षा जास्त काही दुखत नाही. पेन फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नको. गोठलं की ते वापरायचं नसतं.

हे औषध शरीरातल्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखं वागतं. जेवल्यावर आतड्यातून सुटणारं हे संप्रेरक मेंदूला 'पोट भरलं' असं कळवतं आणि पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतं. मला तिसऱ्या आठवड्यात जाणवलेला बदल असा: दुपारी चार वाजले की डोक्यात खालच्या गाडीवरच्या कचोरीचा जो धोशा सुरू व्हायचा, तो थांबला. मन मारून थांबवलेला नव्हे, आपोआप थांबलेला. ज्यांना हा धोशा कधी लागलाच नाही, त्यांना या सुटकेची किंमत कळणं अवघड आहे. 'तोंडावर ताबा ठेवा' असं आयुष्यभर ऐकत आलेल्या बाईला तर ती फारच मोठी वाटते.

त्रासही झाला. डोस ०.२५ वरून ०.५ मि.ग्रॅ. केला तेव्हा गणपती होते. एक उकडीचा मोदक खाल्ला आणि दुसरा पानात तसाच राहिला. जाऊबाई तुपाची वाटी घेऊन आग्रहाला उभ्या आणि मला नुसत्या वासाने मळमळत होतं. सडक्या अंड्यासारख्या वासाचे ढेकर, चार-चार दिवस पोट साफ न होणं, सकाळी उठवत नाही असा थकवा, हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत झालं. इसबगोल, भरपूर पाणी आणि थोडं थोडं जेवण यावर निभावलं. बहुतेकांना असंच होतं आणि हळूहळू कमी होतं. पण पोटात वर, मध्यभागी सुरू होऊन पाठीत जाणारी जोराची कळ आली तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. स्वादुपिंडाला सूज येणं आणि पित्ताशयात खडे होणं हे या औषधाचे नोंद झालेले धोके आहेत.

ज्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, ती गोष्ट स्नायूंची. ऑक्टोबरमध्ये भरलेली बादली गच्चीवर न्यायला मला दोनदा खाली ठेवावी लागली. वजन उतरत होतं आणि ताकदही. सेमाग्लुटाइडच्या स्टेप-१ या मुख्य चाचणीत १४० जणांच्या शरीराची रचना मोजली होती. उतरलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हता, त्यात स्नायूही येतात. आता यात आपली अडचण बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे मुळातच चरबी जास्त आणि स्नायू कमी. अशा शरीरातून स्नायू जाणं आपल्याला जास्त महागात पडणार, असं मला वाटतं. स्टेप-१ मधले सुमारे तीन-चतुर्थांश लोक गोरे होते आणि त्यांचं सुरुवातीचं सरासरी वजन १०५ किलोच्या आसपास होतं. नाशिकच्या पन्नाशीला आलेल्या बाईचं काय होतं, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता.

तेव्हापासून मी जेवणात आधी मटकी, अंडी, पनीर, मग भाकरी असा क्रम ठेवलाय आणि आठवड्यातून तीनदा वजनं उचलते. बादली आता एका दमात जाते. हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायला हवं होतं.

आता मूळ मुद्दा. मी सुरुवात केली त्या क्लिनिकचं नाव घेत नाही, कारण असं चित्र पुष्कळ ठिकाणी दिसेल. बाहेरच्या हॉलमध्ये माणसाएवढा फलक होता: 'लठ्ठपणा हा आळस नाही, आजार आहे. डॉक्टरांशी बोला.' वाक्य खरं आहे. मला तर ते वाचून रडू आलं होतं. फलकावर औषधाचं नाव नव्हतं, फक्त तळाशी कोपऱ्यात औषध कंपनीचं चिन्ह होतं, नखाएवढं. आपल्याकडे १९५४ चा जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत लठ्ठपणाही आहे, त्यामुळे लठ्ठपणा बरा करू अशी औषधाची जाहिरात लोकांसमोर करता येत नाही. मग औषधाऐवजी आजाराची जाहिरात होते. पुढची वाट डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत जाते आणि तिथे काय लिहून मिळणार हे ज्याने फलक लावला त्याला चांगलं माहीत असतं.

पेन घेतल्यावर 'रुग्ण साहाय्य' म्हणून एक नंबर मिळाला. दर महिन्याला एका मुलीचा फोन यायचा. अतिशय गोड बोलायची, सुई कशी टाकून द्यायची हे तिनेच नीट समजावलं. मी १ मि.ग्रॅ. वर थांबायचं ठरवलं, कारण वजन उतरत होतं आणि मळमळ आटोक्यात होती. तेव्हाचं बोलणं असं:

"ताई, आता पुढचा डोस १.७ चा आहे ना?"

"नाही, मला यावरच राहायचंय. फरक पडतोय."

"हो ताई, पण पूर्ण फायद्यासाठी २.४ पर्यंत जायला सांगितलंय. डॉक्टरांशी बोलून घ्याल का?"

"तुम्ही डॉक्टरांकडून बोलताय की कंपनीकडून?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कंपनीकडून, ताई." त्या मुलीचा काही दोष नाही, तिच्यासमोर लिहिलेलं होतं ते तिने वाचलं. पण माझ्या डोसबद्दल दर महिन्याला चौकशी करणारी एकमेव व्यक्ती विकणाऱ्याच्या पगारावर होती, हे मला मान्य नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनच्या औषध उद्योगाच्या संघटनेने, एबीपीआयने, सेमाग्लुटाइड बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कचं सदस्यत्व दोन वर्षांसाठी निलंबित केलं. लिंक्डइनवरून आरोग्य व्यावसायिकांना वजन नियंत्रणाचा मोफत अभ्यासक्रम देऊ केला होता. त्याचा खर्च या कंपनीचा होता, कंपनीचा सहभाग पुरेसा स्पष्ट केलेला नव्हता आणि अभ्यासक्रमातून सॅक्सेंडा या तिच्याच औषधाचा प्रचार होत होता. म्हणजे शिकवणाराच विकणारा.

वजनाच्या औषधांचा इतिहास पाहिला की ही काळजी उगाच वाटत नाही. फ्रान्समध्ये मधुमेहाचं म्हणून आलेलं सर्व्हिए कंपनीचं मेडिएटर भूक मारायला सर्रास लिहून दिलं जायचं. हृदयाच्या झडपा निकामी होतात हे ब्रेस्ट शहरातल्या डॉ. इरेन फ्राशों यांनी चिकाटीने मांडलं, २००९ मध्ये ते बाजारातून गेलं आणि २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं. सिबुट्रामिन हे वजन उतरवायचं औषध तर आपल्याकडेही मिळायचं. अमेरिका-युरोपातून २०१० मध्ये गेलं, भारतात २०११ मध्ये बंदी आली. सेमाग्लुटाइड त्या रांगेतलं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. याचा पुरावा कितीतरी भक्कम आहे: सिलेक्ट या चाचणीत १७,६०४ लोक होते आणि हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झालं. ती चाचणीही नोव्हो नॉर्डिस्कच्याच पैशातून झाली. पैसे कंपनीचे म्हणून निकाल खोटा ठरत नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा हे पैसे देणारा ठरवतो. औषध चालू ठेवल्यावर काय होतं, यावर चाचण्यांचा ढीग आहे. कमीत कमी डोसवर किती निभावतं आणि ते नीट थांबवायचं कसं, हे शोधण्यात विकणाऱ्याला काय रस असणार?

थांबवल्यावर काय होतं ते मात्र माहीत आहे. स्टेप-१ मध्ये ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं होतं. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. म्हणजे हा तीन महिन्यांचा कोर्स नाही, रक्तदाबाच्या गोळीसारखं लांबचं प्रकरण आहे. लग्नाआधी दोन महिने घेऊन बघू म्हणणाऱ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना माझी कळकळीची विनंती आहे, हे आधी समजून घ्या. भारतात मान्यता आहे ती बीएमआय ३० किंवा जास्त असलेल्यांना, किंवा २७ वा जास्त आणि सोबत मधुमेह, रक्तदाब असा आजार असलेल्यांना.

आणि लांबचं प्रकरण म्हटलं की खिसा आला. जून २०२५ मध्ये वेगोवी, म्हणजे नोव्हो नॉर्डिस्कचं वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, भारतात आलं तेव्हा ०.२५, ०.५ आणि १ मि.ग्रॅ. यांपैकी कोणत्याही पेनची किंमत महिन्याला १७,३४५ रुपये होती, २.४ ची २६,०१५. नोव्हेंबरमध्ये ०.२५ चं पेन १०,८५० वर आणि २.४ चं १६,४०० वर आलं. दरम्यान औषध स्वस्तात बनू लागलं नव्हतं. एली लिली या कंपनीचं माउंजारो, म्हणजे टिर्झेपटाइड हे वजन उतरवायचं दुसरं इंजेक्शन, ऑक्टोबरमध्ये सुमारे १०० कोटींच्या विक्रीसह देशातलं सर्वाधिक उलाढालीचं औषध झालं होतं आणि सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपणार होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर सिनेटर बर्नी सँडर्स यांनी नोव्हो नॉर्डिस्कच्या प्रमुखांना किमतीबद्दलच प्रश्न केला होता: ओझेम्पिक (मधुमेहासाठीचं सेमाग्लुटाइड) अमेरिकेत महिन्याला ९६९ डॉलर आणि जर्मनीत ५९ डॉलर, असं का? येल विद्यापीठातल्या संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे तर महिन्याचं औषध ५ डॉलरहून कमी खर्चात बनू शकतं.

आता देशी कंपन्याही उतरल्यात. पुण्याच्या एमक्युअरने नोव्हो नॉर्डिस्कशी करार करून पोविझ्ट्रा या नावाने सेमाग्लुटाइड आणलं आहे, सिप्लाने लिलीशी करार करून युरपीक या नावाने टिर्झेपटाइड. पुढच्या महिन्यात पेटंट संपलं की किंमत आणखी उतरेल आणि तालुक्याच्या गावापर्यंत पेन पोचेल. मला त्याचा आनंदच आहे. हे औषध फक्त मोठ्या पगारदारांना मिळावं असं मला कधीच वाटलं नाही. पण जितक्या कंपन्या तितके प्रतिनिधी, तितक्या परिषदा. डॉक्टरांना दिलेल्या भेटींवर कंपन्यांना करसवलत मिळणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. मार्च २०२४ च्या केंद्राच्या औषध विपणन आचारसंहितेत भेटवस्तू आणि सहलींना मनाई आहे. तरी अमेरिकेत जसं कोणत्याही डॉक्टरचं नाव टाकून त्याला कोणत्या कंपनीने किती दिले हे सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतं, तसं आपल्याकडे रुग्णाला बघता येत नाही. ती यादी इथे व्हायलाच हवी.

तोवर तोंडाने विचारायचं. मी आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं, "सर, राग मानू नका, पण या औषधाच्या कंपन्यांकडून तुम्हाला काही मिळतं का?" ते म्हणाले, "मानधन नाही. पण याबद्दल मी जे शिकलो ते दोन कार्यक्रमांत, आणि दोन्हींचा खर्च कंपन्यांनी केला होता. तेव्हा माझंही सगळं डोळे मिटून धरू नका, आपण दोघं मिळून वाचू." त्या दिवसापासून माझे उपचार त्यांच्याकडेच आहेत. आम्ही चाचण्यांचे आकडे समोर ठेवून १ मि.ग्रॅ. वर राहायचं ठरवलं, दर तीन महिन्यांनी रक्त तपासणी आणि हाताच्या पकडीची ताकद मोजायची असंही ठरवलं.

मार्चनंतर ब्रँड बदलायचा झाला तर मी खोक्यावर मूळ औषधाचं नाव (सेमाग्लुटाइड), मि.ग्रॅ. आणि पेनात किती डोस आहेत ते आधी बघणार, दुकानदाराने पक्कं बिल दिलं आणि पेन थंड पेटीतून काढून दिलं तरच घेणार. चॅटवर फोटो पाठवून अर्ध्या किमतीत देतो म्हणणाऱ्याकडून कधीच नाही.

एक मदत हवी आहे. वजन पोचायला हवं तिथे पोचल्यावर डोस हळूहळू कमी करून ज्यांनी हे थांबवलं असेल, त्यांनी किती महिन्यांत, कोणत्या क्रमाने कमी केलं, डॉक्टरांनी काय देखरेख ठेवली आणि वजन कुठे स्थिरावलं ते कृपया लिहा. परत वाढलं असेल तर तेही लिहा. आमच्या डॉक्टरांनाही ते हवं आहे.