भुयारी गटाराची जोडणी : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात जोडणी घेतली. सेप्टिक टँक बुजवला. दर दोन-तीन वर्षांनी टँकर बोलवून टाकी उपसायची कटकट आणि खर्च दोन्ही सुटले. मेपर्यंत भेटेल त्याला मी ‘जोडून घ्या’ म्हणून सांगत होतो.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात दारापुढच्या चेंबरचं झाकण उचललं गेलं आणि मैला तुळशीच्या कट्ट्यापर्यंत आला. नगर परिषदेच्या ॲपवर तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला, पण कुणी फिरकलं नव्हतं. मलप्रवाह कर मात्र घरपट्टीत न चुकता लागतो. दोनदा चकरा मारल्यावर जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोताने गटार मोकळं करणारी गाडी आली. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. इथे कुणाला उतरवलं नाही, याचं समाधान वाटलं.

गाडीवरचा कर्मचारी म्हणाला, “काका, लाइन मोकळी आहे. गच्चीचं पाणी कुठे सोडलंय तुम्ही?” मला रागच आला. तरी संध्याकाळी बादलीभर पाण्यात नीळ कालवून गच्चीवर ओतली, खाली येऊन झाकण सरकवलं. निळी धार थेट चेंबरमध्ये! जोडणी करताना ठेकेदाराच्या माणसाने पावसाचा पाइपही त्यातच सोडला होता आणि कुणी तपासलं नव्हतं. ही एक तपासणी जोडणीच्या दिवशीच व्हायला हवी, बाकी सगळं नंतर.

हिशेब बघा. योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याचं ८० टक्के सांडपाणी धरतात. आमच्या पाच माणसांचं झालं ५४० लिटर. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी. आठ दिवसांचं सांडपाणी एका तासात! त्या पाइपात ते मावणार कसं?

मग हे सांडपाणी जिथे शुद्ध करतात ते प्रक्रिया केंद्रही बघून आलो. जाळीवर प्लास्टिक, चिंध्या, नारळाच्या शेंड्या अडकलेल्या; पुढच्या टाकीत वाळू बसते; त्यापुढे ब्लोअर हवा सोडतात आणि तपकिरी पाणी उकळल्यासारखं खदखदत असतं. नाकाला रुमाल लावून गेलो होतो, पण त्या टाकीपाशी ओल्या मातीचाच वास होता. मैला खाणारे जिवाणू तिथे वाढवतात. पावसाचा लोंढा आला की तेच वाहून जातात, मग पाणी नीट शुद्ध होत नाही. विजेचा मोठा खर्च हवेवरच होतो.

तेव्हा माझं मत असं : योजना चांगली, जोडणी नक्की घ्या. तक्रार निवारण अगदीच वाईट. आणि आधी नीळ ओतून बघा.

मी पाइप वळवून पिंपात सोडला, जास्तीचं पाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारात. गल्लीतल्या आणखी तीन घरांत निळं पाणी निघालं; दोघांनी पाइप वळवले, एकजण अजून ऐकत नाही. परवाच्या पावसात मी बॅटरी घेऊन चेंबरपाशी उभा होतो. पाणी झाकणाखाली चार बोटांवर थांबलं.