एनडब्ल्यूए ८६९ : दगडाला पाचपैकी पाच, कार्डाला शून्य

आयुष्य फाउंड्रीच्या लॅबमध्ये काढलेल्या माणसाला अशनीचा, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडाचा, तुकडा विकायचा, म्हणजे विक्रेत्याचं धाडसच. भाची ॲरिझोनात असते. टूसॉनच्या खनिज प्रदर्शनातून तिनं माझ्यासाठी एनडब्ल्यूए ८६९ या अशनीचा एक काप आणला (एनडब्ल्यूए म्हणजे नॉर्थवेस्ट आफ्रिका, वायव्य आफ्रिका). काडेपेटीपेक्षा लहान, एक बाजू पॉलिश केलेली.

पॉलिश चोख आहे. ओरखडे नाहीत, कडा झडलेल्या नाहीत. भिंगाखाली करड्या दगडात धातूचे कण चमकतात आणि मध्ये मध्ये गोल दाणे दिसतात, ते कॉन्ड्रूल. काही दाणे अगदी ठळक, काही आजूबाजूच्या दगडात मिसळून गेलेले. खरी मजा इथंच आहे. याचं वर्गीकरण एल३-६. एल म्हणजे एकूण लोह कमी असलेला गट, आणि आकडा सांगतो मूळ लघुग्रहावर दगड किती तापला ते. इथं कमी तापलेले नि जास्त तापलेले तुकडे एकाच कापात शेजारी बसलेत, कारण लघुग्रहाच्या पृष्ठभागावर आदळआपट होऊन ते फुटले, मिसळले आणि पुन्हा घट्ट झाले.

अशनीतल्या धातूत निकेल असतं, ते तपासल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मागच्या बाजूच्या एका कणावर व्हिनेगरचा बोळा घासला, वर अमोनिया आणि डीएमजी, म्हणजे निकेल असेल तर गुलाबी होणारं रसायन. कापूस गुलाबी! स्टीलमधलं निकेल मोजायला आम्ही हेच डीएमजी वापरायचो. भट्टीचा स्लॅग, म्हणजे धातूची मळी, अशनी म्हणून गळ्यात मारणारे बहुतेक इथंच सापडतात. लोहचुंबक मात्र मुद्दाम लावला नाही, त्यानं दगडातली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते.

आता विक्रेत्यानं सोबत दिलेलं प्रमाणपत्राचं कार्ड. सोनेरी कडा, झोकदार सही. वजन माझ्या काट्यावर बरोबर भरलं. पण ‘प्रयोगशाळेत वर्गीकृत’ असं छापलंय ते पटत नाही. प्रयोगशाळेत गेला तो नमुना वेगळा. नाव मंजूर करते मेटिऑरिटिकल सोसायटी या अशनी-अभ्यासकांच्या संस्थेची नामकरण समिती. त्यासाठी एकूण वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम, जे कमी असेल तेवढा नमुना संस्थेत जमा करावा लागतो, आणि दगडातल्या ऑलिव्हिन या खनिजातलं लोह मायक्रोप्रोब या यंत्रानं मोजतात. ८६९ वायव्य आफ्रिकेच्या वाळवंटातला, २ टनांच्या वर माल, असंख्य खडे, मोरोक्कोच्या व्यापाऱ्यांमार्फत जगभर गेलेला. एकेक खडा कोण तपासत बसणार? विक्रेता रूप बघून ८६९ म्हणतो. माझा काप रूपानं जुळतो, निकेल आहे. एवढ्यावरच मी सही करीन.

घ्यायचा तर कापलेलाच घ्या, सबंध खड्यात बाहेरून काही कळत नाही. कोल्हापूरच्या पावसात धातूचे कण गंजणारच, तेव्हा घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेल घालून ठेवा. सोबत आलेली मखमली डबी ओल धरते. ती नातवाला गोट्या ठेवायला दिली.