प्रिंटर एक नंबर होता, अपडेटने वाट लावली

प्रिंट क्वालिटीचं आधी सांगतो, कारण त्यात नाव ठेवायला जागाच नाही. अक्षर एकदम शार्प, दोन्ही बाजूंनी आपोआप छापतो, मोबाईलवरून वायफायने थेट प्रिंट जाते. घेतला तेव्हा लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते, आज एकच देतोय.

हा प्रिंटर घ्यायचं मुख्य कारणच हे होतं की यात दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त कार्ट्रिज चालायच्या आणि त्या मस्त चालत होत्या, मग एका रात्री फर्मवेअरचं, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट स्वतःहून आलं, विचारलं नाही की काही नाही, आणि सकाळी त्या छोट्या स्क्रीनवर मेसेज, कार्ट्रिज ओळखता येत नाही, ओरिजिनल लावा. अहो आदल्या संध्याकाळी त्याच कार्ट्रिजवर प्रिंट काढलीये! बाहेर काढून बघितली तर शाई अर्ध्याच्या वर. कॉन्टॅक्ट पुसले, प्लग काढून परत लावला, फॅक्टरी रिसेट मारला, मेसेज जागचा हलत नाही. आणि तो मेसेज असेपर्यंत स्कॅनरपण बंद. स्कॅनिंगला शाई लागतच नाही, मग तो कशासाठी अडवलाय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कार्ट्रिजवर एक बारीकशी चिप असते, प्रिंटर ती वाचतो आणि कार्ट्रिज चालवायची की नाही ते ठरवतो. म्हणजे शाई तीच, मशीन तेच, काहीच बिघडलेलं नाही, फक्त आतला नियम बदलला, तोही मी पूर्ण पैसे मोजून वस्तू घरी आणल्यानंतर.

कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे सिक्युरिटीसाठी आहे सर. बरं, मग जुनं फर्मवेअर परत टाकून द्या म्हटलं, तर ते होत नाही, मागे जायचा रस्ताच बंद ठेवलाय. माझा अपडेटला विरोध नाही, नेटला जोडलेल्या मशीनला सिक्युरिटी पॅच लागतातच, पण पॅच आणि हे कुलूप एकाच फाईलमध्ये घालायचं आणि माहितीत नुसतं 'सुधारणा' एवढंच लिहायचं, ही सरळसरळ फसवणूक आहे.

आणि हे आजचं नाही. माझा प्रिंटर एचपीचा नाही, पण २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांनी अशाच बाहेरच्या कार्ट्रिज एकदम नाकारल्या होत्या, लोकांनी एवढी बोंब मारली की कंपनीला ते कुलूप काढणारं वेगळं फर्मवेअर द्यावं लागलं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये फिलिप्स ह्यू या स्मार्ट दिव्यांच्या सिस्टिमने इतर कंपन्यांचे नवे बल्ब जोडणं अपडेटने बंद केलं, तेही थोड्याच दिवसांत मागे घेतलं. म्हणजे मनात आणलं तर मागे घेता येतं! सगळ्यात राग येतो तो सोनीच्या केसचा, प्लेस्टेशन ३ या गेमच्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखी कॉम्प्युटरची सिस्टिम, टाकायची सोय कंपनीने स्वतः दिलेली, ती १ एप्रिल २०१० च्या ३.२१ अपडेटने काढली, आणि अपडेट घेतलं नाही तर ऑनलाइन खेळणं बंद. म्हणजे दोन्हीसाठी पैसे दिलेत पण आता एकच निवडा. अमेरिकेत त्यावर कितीतरी वर्षं केस चालली.

म्हणून दुकानातला डेमो बघून हे मॉडेल घेऊ नका, डेमोत आज जे चालतंय ते उद्या चालेल याची काही खात्री नाही. कुठलाही प्रिंटर घेताना दोन गोष्टी विचारा, ऑटो अपडेट बंद करता येतं का आणि जुनं फर्मवेअर परत टाकता येतं का. विकणारा गोलगोल बोलायला लागला तर दुसरा बघा.

ज्यांच्याकडे हेच मॉडेल आहे आणि बाहेरची कार्ट्रिज अजून चालतीये त्यांनी आजच सेटिंगमध्ये जाऊन ऑटो अपडेट बंद करा, वायफाय काढून यूएसबी केबलने वापरा, आणि कॉम्प्युटरवर कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट करू का विचारेल तेव्हा नाही म्हणा, कारण केबलवरूनसुद्धा ते फर्मवेअर आत जातं.