टेक्स्ट टू कॉलम्स की पॉवर क्वेरी?

सोसायटीच्या मेंटेनन्सचा तक्ता घ्या: एका कॉलममध्ये ‘ए-704’, दुसऱ्यात 022 ने सुरू होणारा लँडलाइन, पुढे एप्रिल ते मार्च. एकदाच विंग आणि फ्लॅट वेगळे करायचे असतील तर एक्सेलचं टेक्स्ट टू कॉलम्स पुरतं. डिलिमिटेड निवडून अदरमध्ये ‘-’ टाका. आधी उजवीकडे रिकामा कॉलम घाला, नाहीतर शेजारचा मजकूर जाईल. फोन तोडताना तिसऱ्या पायरीवर टेक्स्ट फॉरमॅट द्या. जनरल ठेवलं की 022 चं 22 होतं.

बारा आडवे महिने उभे करायला मात्र पॉवर क्वेरीच हवी. डेटा आणून त्याची मांडणी बदलणारं हे साधन एक्सेल 2016 पासून आतच आहे. विंग, फ्लॅट, फोन निवडा आणि अनपिव्हट अदर कॉलम्स करा, म्हणजे बाकीचे कॉलम ओळींत उतरतात; नवा महिना जोडला तरी रिफ्रेशवर भागतं. ‘ओन्ली सिलेक्टेड’ घेतलंत तर तो आडवाच राहील.

खरी गोम रिकाम्या सेलची. अनपिव्हट करताना ‘नल’ (म्हणजे रिकामे) असलेले महिने गाळले जातात, म्हणजे यादीतून नेमके थकबाकीदारच गायब (सेक्रेटरी खूश!). म्हणून आधी रिप्लेस व्हॅल्यूजने नलच्या जागी 0 भरा. आपोआप आलेली ‘चेंज्ड टाइप’ पायरीही तपासा, तीसुद्धा 022 चा शून्य खाते.