सुट्टीत अडकलेली पट्टी: आमच्या सहकारी बँकेला दोन तारे

सांगलीत माझी हळदीची अडत आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी एका शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या विकलेल्या मालाचे पैसे, बँकेच्या ॲपवरून एनईएफटीने (एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायची सोय) पाठवली. माझ्या खात्यातून रक्कम लगेच गेली, त्याच्या खात्यात पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत काहीच नाही. फोनवर उत्तर मिळालं, "शेठ, सुट्टी आहे, बँक उघडल्यावर होईल."

हे उत्तर मला मान्य नाही. डिसेंबर 2019 पासून एनईएफटी सुट्टीतही चोवीस तास चालू असते. दर अर्ध्या तासाला बॅच लागते, म्हणजे साठलेले व्यवहार एकत्र पुढे जातात, त्यानंतर दोन तासांत पैसे जमा व्हायलाच हवेत, नाहीतर परत यायला हवेत. उशीर झाला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक 2 टक्के व्याज बँकेनं द्यायचं, तेही न मागता. मला यूटीआर नंबरच (पाठवलेल्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) मिळाला नव्हता, म्हणजे पैसे आमच्याच बँकेतून पुढे सरकले नव्हते. छोट्या बँका मोठ्या बँकेमार्फत पैसे पाठवतात, मग ते पुढे पाठवायला आपल्या बँकेत सुट्टीत कुणीतरी बसवा ना! शेतकऱ्यानं सणाला हात आखडायचा का?

ॲप सोपं आहे, काउंटरवरची माणसं मनानं चांगली, म्हणून दोन तारे. सुट्टीतली पट्टी आता मी दुसऱ्या बँकेतून आयएमपीएसनं (लगेच पैसे पोचवणारी सोय) पाठवतो, 5 लाखांपर्यंत चालतं.