पायाळू बाळ: पोटावरून फिरवून घ्यावं की सिझेरियनची तारीख घ्यावी?

३६व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ अजून बसलेलंच दिसलं. डोकं वर, माझ्या उजव्या बरगडीखाली. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: ३७ आठवडे भरल्यावर पोटावरून हाताने फिरवून बघायचं, नाहीतर ३९व्या आठवड्यात सिझेरियनची तारीख घ्यायची. ठरवायला माझ्याकडे जेमतेम आठवडा होता. तुम्ही आत्ता त्याच आठवड्यात असाल असं धरून लिहिते आहे, म्हणून ब्रीच, म्हणजे पायाळू, म्हणजे काय वगैरे सांगत बसत नाही.

तिसरी वाटही असते, पायाळू बाळाची नॉर्मल डिलिव्हरी. तिच्याबद्दल थोडक्यात. २००० साली २६ देशांमधल्या दोन हजारांवर बायकांवर झालेला एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ठरवून केलेलं सिझेरियन बाळासाठी जास्त सुरक्षित दिसलं आणि त्यानंतर बहुतेक ठिकाणी अशा डिलिव्हरी बंदच होत गेल्या. पुढे त्या अभ्यासावर बरेच आक्षेपही आले. पण अशा डिलिव्हरीचा हात असलेले डॉक्टर कमी होत गेले ते गेलेच. माझ्या डॉक्टरांनी ‘मला त्याचा सराव नाही’ असं सरळ सांगितलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तुमच्या डॉक्टरांना खरंच सराव असेल तर त्यांच्याशी जरूर बोला, मला त्यातला अनुभव नाही.

आणखी एक सल्ला सगळीकडून येतो: ‘थांब, फिरेल आपोआप.’ २८व्या आठवड्यात साधारण पाचातलं एक बाळ पायाळू असतं आणि दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उरतात, तेव्हा सल्ला चुकीचा नाही. फक्त ३६व्या आठवड्यानंतर तो लागू पडेनासा होतो. पहिलटकरणीत त्यानंतर आपोआप फिरणारी बाळं शंभरात आठच्या आसपास. गुडघ्यावर ओणवं राहून छाती टेकवायचा व्यायाम मीही रोज केला. त्याने बाळ फिरतं असा पुरेसा पुरावा नाही, पण अपायही नाही. फक्त त्याच्या भरवशावर आठवडे जाऊ देऊ नका. बाळ मोठं होतं, भोवतालचं पाणी कमी होत जातं, बाळाची बैठक (कुल्ले) कटीत उतरते, आणि फिरवायला जागा उरत नाही.

आता मुख्य दोन वाटा. मी फिरवून घेतलं. माझ्या जावेने तीन वर्षांपूर्वी, अगदी अशाच परिस्थितीत, तारीख घेतली होती. त्यामुळे दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत.

फिरवणं कसं असतं ते आधी सांगते, कारण भीती त्याचीच जास्त वाटते. हॉस्पिटलमध्ये आधी बाळाच्या ठोक्यांची पट्टी काढली, सोनोग्राफी केली, मग गर्भाशय सैल पडायचं इंजेक्शन दिलं. त्याने माझंच काळीज धडधडायला लागलं आणि हात थरथरले. हे होतं आणि थोड्या वेळात उतरतं, पण आधी कुणी सांगितलं तर घाबरायला होत नाही. पोटावर जेल लावून डॉक्टरांनी एका हाताने बाळाची बैठक खालून उचलली, दुसऱ्या हाताने डोकं खाली ढकलायला सुरुवात केली. पहिल्यांदा बाळ आडवं झालं आणि परत वर सरकलं. दुखलं. कळांसारखं नाही, कुणी ओटीपोटात खोल कणीक तिंबावी तसं. मी एकदा ‘थांबा’ म्हटलं, ते लगेच थांबले. दुसऱ्यांदा उलट्या दिशेने फिरवलं आणि एका क्षणी पोटाचा आकारच बदलला. हात ठेवून पाहिलं, बरगडीखालचा तो कडक गोळा नव्हता. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा झाली नसतील. लगेचच ठोके थोडे मंदावले, नर्सने मला कुशीवर वळवलं, मिनिटभरात पूर्ववत झाले. तो मिनिट मात्र मी विसरणार नाही. मग पुन्हा बराच वेळ पट्टी, आणि संध्याकाळी घरी.

हे सगळ्यांचं होत नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार हे साधारण निम्म्या जणींना साधतं. पहिलटकरणींमध्ये शंभरात ४०, आधी बाळंतपण झालेल्यांमध्ये ६०. माझं दुसरं बाळंतपण होतं, वार (प्लासेंटा) मागच्या बाजूला होती, पाणी भरपूर होतं. नशिबाने बऱ्याच गोष्टी जुळून आल्या होत्या. धोका म्हणाल तर दोनशेत एखादीला त्यानंतर २४ तासांच्या आत तातडीचं सिझेरियन करावं लागतं. म्हणून हे ऑपरेशन थिएटर हाताशी असलेल्या ठिकाणीच करायचं, क्लिनिकच्या टेबलावर किंवा घरी मालिश करणाऱ्या कुणाकडून अजिबात नाही. वार खाली असेल, नुकतंच अंगावरून रक्त गेलं असेल, पाणमोट फुटली असेल, पोटात जुळी असतील किंवा ठोक्यांची पट्टी ठीक नसेल, तर हा पर्याय सहसा देतच नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागतं, बाळाच्या रक्ताविरुद्ध आपल्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून. तेवढी आठवण स्वतःहून करून द्या.

सिझेरियनची बाजू मला कमी लेखायची नाही. त्याच मार्गदर्शनात ३९ आठवड्यांनंतर ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये बाळ दगावण्याचं प्रमाण हजारात अर्धा दिलं आहे, डोकं खाली असलेल्या बाळाच्या नॉर्मल डिलिव्हरीत हजारात एक, आणि पायाळू बाळाच्या नॉर्मल डिलिव्हरीत दोन. फक्त या एका बाळाचा विचार केला तर सिझेरियन चांगलंच आहे. मोजायचं असतं ते पुढचं. गर्भाशयावर टाका आला की पुढच्या प्रत्येक गरोदरपणात तो विचारात घ्यावा लागतो. पुढे नॉर्मलचा प्रयत्न केला तर दोनशेत एकीला तो उसवण्याचा धोका असतो, आणि सिझेरियन वाढत गेली तसा वार टाक्यावर खोल रुजण्याचाही. आणखी मूल नकोच असेल तर हा मुद्दा जवळजवळ गळून पडतो.

माझं पारडं मात्र यातल्या कुठल्याच आकड्याने फिरलं नाही.

जावेचं सिझेरियन छान झालं. बाळ उत्तम, जखम वेळेत भरली, चौथ्या दिवशी ती घरी आली. पण तिचा थोरला तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. तो पलंगाशी येऊन दोन्ही हात वर करून उभा राहायचा. ती म्हणायची, ‘ये, शेजारी बस.’ त्याला बसायचं नसायचं, कडेवर जायचं असायचं. घरात आम्ही चार माणसं त्याला उचलायला तयार होतो, पण त्याला आई हवी होती. रात्री उठला की तिच्या अंगावर चढायला बघायचा, आणि ती नकळत पोटावर हात आडवा धरायची. तिसऱ्या आठवड्यात त्याने हात वर करणं सोडून दिलं. ती माझ्यापाशी रडली ती टाक्यांसाठी नाही, यासाठी.

माझी मुलगी आता तेवढीच आहे. तिला उचलल्याशिवाय झोप लागत नाही. त्या आठवड्यात मी दोन्ही पर्यायांची कागदावर बेरीज-वजाबाकी करत होते आणि डोळ्यांसमोर सारखे ते वर केलेले हात यायचे. कुणाला हे कारण फार लहान वाटेल. तुमच्या घरी धाकटं-थोरलं नसेल तर ते तुम्हाला लागूही होणार नाही. मला तेवढं पुरेसं होतं. फिरवणं साधलं नसतं तर तारीख होतीच. प्रयत्न करून ती वाट बंद होत नव्हती, हेही मला महत्त्वाचं वाटलं.

फिरवल्यानंतरही निर्धास्त झाले असं नाही. बाळ परत फिरण्याचं प्रमाण शंभरात पाचांहून कमी आहे हे ठाऊक असूनही, उचकी कुठे लागते आहे ते मी रोज हात लावून बघायचे. बेंबीच्या खाली लागली की जीव भांड्यात पडायचा. जावेला ही घालमेल नव्हती. तिची तारीख ठरली होती आणि ती शांत होती, हा तारखेचा खरा फायदा. अनिश्चितता तुम्हाला सहनच होत नसेल तर तो मोठा मानावा. शिवाय फिरवलेल्या बाळाचीही नॉर्मल होईलच असं नसतं. मुळातच डोकं खाली असलेल्या बाळांपेक्षा यांच्यात ऐनवेळी सिझेरियनची पाळी थोडी जास्त येते.

मला ३९ आठवडे आणि चार दिवसांनी कळा सुरू झाल्या, नॉर्मल झालं. मुलीला दुसऱ्या दिवशी बसल्या जागी मांडीवर घेतलं, आठवड्याभराने कडेवर. पहिलटकरीण असते, हातात शंभरात ४०च असते, तरी मला वाटतं मी करून बघितलं असतं. पण त्या वेळी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारला असता, आणि तुम्हीही विचारा: तुम्ही स्वतः हे किती वेळा केलंय, आणि गेल्या वर्षभरात किती? उत्तर अडखळत आलं तर दुसरीकडे विचारायला अजून वेळ आहे, म्हणूनच ३६वा आठवडा वाया घालवू नका म्हणते.

आणि कुठलीही वाट घेतलीत तरी बाळाच्या खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. शेवटच्या महिन्यांत पायाळू असलेल्या बाळांमध्ये खुब्याचा सांधा उथळ राहण्याची शक्यता जास्त असते, नंतर फिरवलं तरीही. आमच्या फाइलवर जन्माच्या वेळी ‘डोकं खाली’ एवढंच लिहिलेलं होतं, त्यामुळे कुणी सुचवलं नाही. सहाव्या आठवड्यात मीच आठवण करून दिली.